कादंबरी संपली, आता मधली पानं उघडा

पत्र

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. आमचे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. घरात तेलुगू, शाळा मराठी, आणि कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए. केलं. तेव्हा जुन्या पुस्तकांतून हर्मन मेलव्हिलची ‘मोबी डिक’ घेतली होती. शंभरेक पानं झाली आणि लग्न झालं. पुढे दर काही वर्षांनी पहिल्यापासून सुरू करायची, आणि देवमाशांच्या जातींचं ते लांबलचक प्रकरण आलं की पुस्तक कपाटात जायचं. या उन्हाळ्यात ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. दोर, तेल, माशाचं डोकं, माशाची हाडं असली प्रकरणं सरळ ओलांडली आणि शेवटचं पान गाठलं.

वाटलं होतं, आनंद होईल. झालं उलटंच. दुपारी माग चालू असतात, मी पुस्तक घ्यायला हात पुढे करते आणि लक्षात येतं की ते संपलंय. मिस्टरांनी विचारलं, “संपलं का तुझं माशाचं पुस्तक?” हो म्हणाले, पण खोटं बोलल्यासारखं वाटलं. मुलगी पुण्याला असते. ती म्हणते, आई, दहा मिनिटांच्या व्हिडिओत सगळी गोष्ट कळते, एवढी वर्षं कशाला घालवलीस? भिशीत हा विषय काढता येत नाही. सासऱ्यांचं आयुष्य आधी हातमागावर आणि मग यंत्रमागावर गेलं. मागाच्या आवाजानं त्यांचे कान गेलेत, ओरडून बोलावं लागतं, तेव्हा त्यांना काय सांगणार? आणि समुद्र मी आयुष्यात दोनदाच पाहिलाय. मी हे पुस्तक खरंच वाचलं का? राहिलेली प्रकरणं आता वाचायची का? आणि हे रिकामं वाटणं कशाचं?

उत्तर

ताई,

मिस्टरांना तुम्ही खरं तेच सांगितलंत. पाय तोडणाऱ्या पांढऱ्या देवमाशावरचा कॅप्टन एहॅबचा सूड, घरी परत चला म्हणून त्याच्या हाताखालच्या स्टारबकनं केलेली विनवणी, हरवलेला मुलगा शोधत फिरणाऱ्या ‘रेचेल’ जहाजाच्या कप्तानाला एहॅबनं दिलेला नकार, तीन दिवसांचा पाठलाग आणि शवपेटीला धरून तरंगणारा एकटा इश्माएल, हे सगळं तुम्ही वाचलंत. पुस्तक संपलं. त्याबद्दल मनात काही ठेवू नका.

शिवाय गोष्ट सांगणारा हा इश्माएल तुमच्याकडे हिशेब मागायला येणारा नव्हे. ज्या बत्तिसाव्या प्रकरणापाशी तुम्ही इतकी वर्षं अडत होतात, त्यात तो देवमाशांच्या जाती लावायला बसतो. त्यासाठी छापखान्यातली पुस्तकांची मापं वापरतो: मोठा आकार, मधला आकार, लहान आकार. आणि शेवटी काम अर्धवट सोडतो, तेही सांगून सोडतो. जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलचं उदाहरण देतो. त्याच्या अपुऱ्या मनोऱ्यावर तेव्हा क्रेन तशीच उभी होती (ते बांधकाम पुढे १८८० मध्ये पुरं झालं). मग देवाला म्हणतो, माझ्या हातून काही पूर्ण होऊ देऊ नकोस. जिथे तुम्ही थांबत होतात, बरोबर तिथेच तो हे मागणं मागतो.

तरीही राहिलेली प्रकरणं वाचा, आणि आत्ताच वाचा, असं मी आग्रहानं सांगते. बाकी चुकती करायची म्हणून नाही. ती प्रकरणं शेवट ठाऊक झाल्यावरच नीट ऐकू येतात म्हणून. मागच्या वर्षी वाचली असती तरी ती तुम्हाला निम्मीच मिळाली असती.

साठावं प्रकरण घ्या. ते नुसत्या दोराबद्दल आहे, हार्पूनला, म्हणजे देवमाशावर फेकायच्या भाल्याला, बांधलेल्या दोराबद्दल. जाडी इंचाच्या दोनतृतीयांश. आत ५१ धागे, एकेक धागा १२० पौंड वजन पेलणारा, आणि अख्खा दोर जवळजवळ तीन टनांचा ताण सोसणारा. लांबी २०० फॅदमच्या वर, म्हणजे साडेतीनशे मीटरहून जास्त. तो पिंपात वेटोळं करून कसा ठेवायचा, कुठे पीळ किंवा अढी राहिली तर सुटलेल्या दोराबरोबर कुणाचा हात, कुणाचा पाय, कुणाचं अख्खं शरीर कसं ओढलं जातं, होडीत तो प्रत्येक वल्हेकऱ्याच्या आजूबाजूनं कसा जातो, हे सगळं इश्माएल सावकाश सांगतो. आणि मग म्हणतो की सगळीच माणसं अशा दोरांच्या वेढ्यात जगतात.

आता तुम्ही वाचलेलं शेवटचं, १३५ वं प्रकरण आठवा. एहॅब हार्पून फेकतो, दोर अडकतो, तो सोडवायला वाकतो, धावत्या दोराचा एक वेढा त्याच्या गळ्याभोवती बसतो आणि होडीतल्या लोकांना कळायच्या आत तो गेलेला असतो. एवढ्या मोठ्या माणसाचा मृत्यू चार ओळींत उरकला, असं तुम्हाला वाटलं असेल. साठावं प्रकरण वगळून वाचणाऱ्याला तसं वाटणारच. मेलव्हिलनं तो मृत्यू पंचाहत्तर प्रकरणं आधीच लिहून ठेवला होता, धाग्यांची संख्या आणि वजनासकट. म्हणून शेवटी त्याला चार ओळी पुरल्या.

शहात्तराव्या प्रकरणाचंही तेच. स्पर्म व्हेल या जातीच्या देवमाशाच्या कपाळावर तो सगळं प्रकरण खर्च करतो: समोरून डोळा नाही, नाक नाही, कान नाही, नुसती आंधळी भिंत. हे नीट पाहून ठेवा, पुढे मी जे सांगेन त्यावर अविश्वास दाखवू नका, असंही वर बजावतो. एहॅबचं ‘पीक्वॉड’ जहाज बुडतं ते याच कपाळाच्या धडकेनं. पंचेचाळिसाव्या प्रकरणात तो साक्षीदारासारखा उभा राहून खऱ्या घटना नोंदवतो. त्यातली ‘एसेक्स’ची हकिगत तर खरोखरच घडलेली आहे. अमेरिकेतल्या नँटकेट बेटावरून निघालेलं हे जहाज २० नोव्हेंबर १८२० ला पॅसिफिक महासागरात एका स्पर्म व्हेलनं धडक देऊन बुडवलं. होड्यांत उतरलेल्या वीस जणांपैकी शेवटी आठच वाचले. ओवेन चेस या त्यांच्या पहिल्या मेटनं (कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्यानं) १८२१ मध्ये ती कहाणी छापली आणि मेलव्हिलनं ती वाचलेली होती.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. इश्माएल हे सगळं सांगतो कधी? सगळे मेल्यानंतर. पहिल्या पानावर आपलं नाव सांगतो तेव्हाच त्याला जहाजावरचा जिवलग मित्र क्वीक्वेग गेल्याचं ठाऊक आहे. स्टारबक, स्टब, लहानगा पिप, सगळे गेलेत. जहाजाचं लाकूडही उरलेलं नाही. वाचलेला एकटा तोच, आणि तोही क्वीक्वेगसाठी केलेल्या शवपेटीवर. असा माणूस गोष्ट सांगायला बसला तर शेवटाकडे धावत जाईल का? तो थांबेल. दोर कसा वळतात ते सांगेल, चरबी कशी कापतात ते सांगेल, मधेच एखाद्या जुन्या चित्रातला देवमासा चुकीचा कसा काढलाय ते सांगेल. कारण जोवर तो हे सांगतोय तोवर जहाज तरंगतंय आणि माणसं कामावर आहेत. पांढरा देवमासा ‘पीक्वॉड’ला प्रत्यक्ष दिसतो तो १३३ व्या प्रकरणात. पुढे उरतात दोन प्रकरणं आणि छोटासा उपसंहार. पहिल्यांदा वाचताना आपल्याला वाटतं की हा माणूस मुद्द्यावर येत नाही. शेवट कळल्यावर दिसतं की त्याला तिथे जायचंच नाही. तुम्ही वगळलेली प्रकरणं म्हणजे त्याचं ते न जाणं आहे.

ही गोष्ट कळायला किती वेळ लागला तेही सांगते. १८५१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला ही कादंबरी आधी छापली गेली, तीन खंडांत, ‘द व्हेल’ या नावानं, आणि त्या आवृत्तीत उपसंहारच आला नाही. समीक्षकांनी विचारलं, सगळेच बुडाले तर गोष्ट सांगितली कुणी? पुढच्याच महिन्यात निघालेल्या अमेरिकन आवृत्तीत उपसंहार होता, पण तिथेही पुस्तक फारसं चाललं नाही. मेलव्हिल पुढे न्यूयॉर्कच्या बंदरात कस्टम खात्यात नोकरी करत राहिला आणि १८९१ मध्ये गेला. १९२० च्या दशकात लोकांनी त्याचं पुस्तक पुन्हा उघडलं. तुम्हाला पुस्तक एका फटक्यात वाचता आलं नाही याची खंत करू नका. जगालाही ते आलं नाही.

आता समुद्राचं. तुम्ही समुद्र दोनदा पाहिलात, म्हणून हे पुस्तक आपलं नाही असं तुम्हाला वाटतंय, ते मला मुळीच पटत नाही. पहिल्या प्रकरणातली माणसं पाहा. आठवडाभर दुकानाच्या फळीला आणि कामाच्या बाकाला जखडलेली, सुट्टीच्या दुपारी पाण्याच्या काठावर येऊन नुसती उभी राहणारी. आपल्याकडे रविवारी संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी अशीच गर्दी असते. पुस्तक तिथून सुरू होतं, जमिनीवरच्या माणसांपासून. आणि जहाजावर चढल्यावर ते बोलतं कशाबद्दल? कामाबद्दल. मेलव्हिल १८४१ च्या जानेवारीत, एकविसाव्या वर्षी, ‘अकुश्नेट’ नावाच्या व्हेलच्या शिकारीच्या जहाजावर मजूर म्हणून गेला होता. त्याला त्या धंद्याचं अंगमेहनतीचं ज्ञान होतं. इश्माएलला पगार नाही, फेरीच्या नफ्यात हिस्सा आहे. त्या हिश्श्यावरून जहाजाचे दोन मालक भांडतात आणि अखेर तीनशेवा हिस्सा ठरतो. डेकवर विटांची भट्टी आहे, रात्रभर चरबी कढवली जाते, धुरानं माणसं काळी होतात. जहाज म्हणजे तरंगता कारखाना. ज्या घरात सूत, मजुरी, मोडलेला भाग आणि रात्रपाळी हेच बोलणं चालतं, त्या घरातल्या बाईला हे पुस्तक परकं कसं असेल?

सत्तेचाळिसावं प्रकरण तर तुमच्याच घरचं आहे. ते तुम्ही वगळलं असेल तर आज रात्रीच वाचा. ढगाळ, सुस्त दुपार आहे. इश्माएल आणि क्वीक्वेग डेकवर होडीसाठी चटई विणतायत. ताणा पक्का बांधलेला. इश्माएल आडवा धागा स्वतःच्या हातानं ओवतोय, म्हणजे धोट्याचं काम त्याचा हात करतोय. क्वीक्वेग समुद्राकडे पाहत ओकच्या लाकडी तलवारीनं प्रत्येक धागा ठोकून बसवतोय, कधी जोरात, कधी हलका, कधी तिरका. इश्माएलला वाटतं, हा काळाचाच माग आहे. ताणा म्हणजे जे बदलता येत नाही ते. धोटा आपल्या हातात आहे, त्यात आपला धागा आपण घालायचा. आणि तो बेफिकीर फटका म्हणजे योगायोग. शेवटचा आकार तोच ठरवतो. हे चाललेलं असतानाच वर डोलकाठीवरून टॅश्टेगो या खलाशाची आरोळी येते, देवमासा दिसलेला असतो, आणि इश्माएलच्या हातातून धाग्याचा गुंडा गळून पडतो.

हे तुम्हाला कुणाशी बोलायचंय ना? मग भिशी राहू द्या. सासऱ्यांजवळ बसा. साहित्याच्या प्राध्यापकांनी या प्रकरणावर पुष्कळ लिहिलंय, पण फटका तिरका बसला तर कापडाचं काय होतं हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे, असा श्रोता त्यांच्यापैकी किती जणांना मिळाला असेल? ओरडून बोलावं लागतं म्हणता, तर ओरडूनच सांगा. हे पुस्तक मोठ्यानं सांगायचंच आहे, त्यातले निम्मे लोक वाऱ्यावर ओरडूनच बोलतात. तेलुगूत सांगा. वाचून दाखवायची गरज नाही, क्वीक्वेगनं धागा कसा ठोकला एवढंच हातानं करून दाखवा. ५१ धाग्यांचा दोर आणि त्याचं वजन सांगा. ते त्यावर काहीतरी म्हणतीलच.

मग १०२ वं प्रकरण. तुम्ही हाडांचं प्रकरण म्हणून ओलांडलंत ते बहुधा हेच. एका बेटावर देवमाशाचा सांगाडा देवळासारखा जपलेला आहे आणि त्यावर हिरवे वेल चढलेत. इश्माएलला ते सगळं रान मागावर विणलं जात असल्यासारखं दिसतं. तो म्हणतो, विणणारा देव विणतो आणि विणण्याच्या आवाजानं बहिरा होतो, म्हणून माणसाचा आवाज त्याला ऐकू येत नाही. पाहणारे आपणही त्या आवाजानं बहिरे होतो. आपण त्यातून बाहेर पडलो की मगच त्यातून बोलणारे हजार आवाज आपल्याला ऐकू येतात. कारखान्यातही असंच असतं, तो म्हणतो: चात्यांच्या गोंगाटात आत जे शब्द कुणाला कळत नाहीत, ते उघड्या खिडकीतून बाहेर स्वच्छ ऐकू येतात. ताई, अशोक चौकापासून पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत उभं राहून हे वाचलं तर समजावून सांगावं लागणार नाही. सासऱ्यांना हे सांगायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. त्यांच्या कानांचा विषय घरात कसा निघतो हे मला माहीत नाही. काही माणसांना असं ऐकून बरं वाटतं, काहींना जखम होते.

आता रिकामं वाटण्याबद्दल. ज्या पुस्तकाला तुम्ही लग्नाआधी हात घातला, ते इतकी वर्षं घरात होतं, वाट पाहत होतं. तुमच्या आयुष्यात एक गोष्ट अशी होती जी फक्त तुमची होती आणि अजून व्हायची होती. ती झाली. तिची जागा मोकळी झाली, तर तसं वाटणारच. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. ती जागा भरायला लगेच दुसरी हजार पानांची कादंबरी आणू नका. तसं केलंत तर नुसती पानं मोजाल. मात्र दुपारचा तो तास सोडू नका. माग चालू असतानाचा तो तास तुमचा आहे, घरात सगळ्यांना आता त्याची सवय झाली आहे, आणि एकदा तो गव्हाच्या निवडणीला किंवा बाजाराच्या पिशवीला गेला की परत मिळवणं कठीण जातं. राहिलेली प्रकरणं त्या तासात घाला, रोज एक. बरीचशी पाच-सहा पानांचीच आहेत. झोप उडाली, जेवण जाईना, कशातच मन लागेना, असं आणखी काही आठवडे राहिलं तर मात्र ते पुस्तकामुळे आहे असं धरून बसू नका, डॉक्टरांशी बोला.

क्रम माझ्या मनातला सांगते. आधी ४७, मग ६०, मग ७६. त्यानंतर ८७: देवमाशांचा प्रचंड कळप, बाहेर कत्तल, आणि मधोमध शांत पाण्यात पिल्लांना पाजणाऱ्या माद्या. होडीतली माणसं हात थांबवून खाली वाकून त्यांच्याकडे पाहत राहतात. हे प्रकरण मुलीला फोनवर सांगा. दहा मिनिटांच्या व्हिडिओत पाठलाग येतो, बुडणं येतं, पण हे थांबणं येत नाही. तिला वाद घालून पटवायला जाऊ नका, एवढं एक दृश्य सांगा आणि विषय बदला.

मग ९४. घट्ट झालेलं तेल माणसं हातांनी दाबून पातळ करतायत, तासन्‌तास, आणि त्या मऊपणात इश्माएलच्या मनातला सगळा राग विरून जातो. तो म्हणतो, सुख फार उंचावर शोधू नये, ते बायको, बिछाना, जेवणाचं टेबल, चूल, गाव यांत शोधावं. हे म्हणणाऱ्याला पुढे काय होणार ते माहीत होतं, हे लक्षात ठेवून ती ओळ वाचा. माझ्या मते सबंध पुस्तकात इतकी हळवी जागा दुसरी नाही, आणि ती तेल काढण्याच्या माहितीत दडलेली आहे.

४५ आणि १०२ त्यानंतर कधीही. बत्तिसावं सगळ्यात शेवटी ठेवा, आणि तेही मधेच सोडावंसं वाटलं तर खुशाल सोडा.

सासरे त्या ५१ धाग्यांच्या दोराबद्दल काय म्हणाले ते मला नक्की कळवा. साडेतीनशे मीटरचा दोर एकाही अढीशिवाय गुंडाळायचा कसा, यावर त्यांचं स्वतःचं मत असणार, आणि मला ते ऐकायचं आहे.